करंडी, पन्हळ आणि चौदा दिवस : सांगली-मिरजेतील एका कबुतर-शर्यत सेवेचे परीक्षण

सांगलीच्या गावभागात आमच्या घराच्या गच्चीवर गेली बावीस वर्षे कबुतरांची ढाबळ, म्हणजे कबुतरे ठेवण्याचे खुराडे आहे. आरंभी उंच घिरट्या घेणारे गिरेबाज होते. पुढे मिरजेच्या एका मित्राने होमरची, म्हणजे लांबून सोडले तरी घरी परतणाऱ्या जातीची, दोन जोडपी दिली आणि तेव्हापासून उंच घिरट्या पाहण्यापेक्षा लांबून परतणाऱ्या पक्ष्याची वाट पाहत बसणे मला अधिक आवडू लागले. आज ढाबळीत छत्तीस पक्षी आहेत आणि त्यांपैकी शर्यतीच्या लायकीचे चौदा आहेत. पुढे ज्या सेवेविषयी लिहिणार आहे तिच्याकडे मी दर शनिवारी संध्याकाळी करंडी घेऊन रांगेत उभा राहणारा वर्गणीदार म्हणून पाहिले आहे, एवढे कळावे म्हणून हा तपशील दिला.

सेवेचे स्वरूप असे आहे. सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एका गोदामात तिघे जण मिळून होमर कबुतरांच्या शर्यतींची व्यवस्था पाहतात. हंगामाची नोंदणी १,५०० रुपये आहे आणि प्रत्येक शर्यतीला पक्ष्यामागे ६० रुपये पडतात. त्या मोबदल्यात ते शनिवारी पक्षी जमा करून घेतात, प्रत्येकाच्या पायात रबरी कडे चढवतात, रात्री गाडीने सोडण्याच्या ठिकाणी नेतात आणि रविवारी उजाडल्यावर करंड्यांची दारे एकदम उघडतात. पक्षी घरी परतला की कड्याच्या आतल्या बाजूस छापलेला गुप्त आकडा आपण मोबाइलच्या ॲपमध्ये भरायचा. मग सोडण्याच्या ठिकाणापासून आपापल्या ढाबळीपर्यंतचे हवाई अंतर आणि लागलेला वेळ यांवरून मीटर-प्रतिमिनिट असा वेग काढून निकाल लागतो. व्यवस्थेचे नाव मी देत नाही. चालवणारे तिघेही परिचयाचे आहेत, आणि पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारी मी त्यांना तोंडावर सांगितलेल्या आहेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात त्यांनी सहा शर्यती योजल्या आणि त्यांपैकी पाचांत मी पक्षी घातले. परीक्षण लिहावेसे वाटले ते त्यांच्या दोन पानी ‘बर्ड फ्लू नियमावली’मुळे. या हंगामात त्यांनी ती छापून गोदामाच्या भिंतीवर लावली आणि प्रत्येक वर्गणीदाराची तिच्यावर सही घेतली. आपल्या भागात कबुतरांच्या खेळासाठी कोणी असे काही लिहून काढल्याचे मी प्रथमच पाहिले. कागदावरचे शब्द आणि शनिवारची संध्याकाळ यांत किती अंतर राहते, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम या नियमांची गरज काय, हे सांगायला हवे. कारण “कबुतराला कुठला आलाय बर्ड फ्लू” हे वाक्य मी रांगेत अनेकदा ऐकले आहे. भारतातील पहिला उद्रेक आपल्याच राज्यात, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबडीपालन केंद्रांत झाला. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे पडू लागले. त्यांच्यात बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू आढळला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. उदगीरच्या बातमीनंतर कृष्णेच्या घाटावर दहाव्याला जमलेली मंडळी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत असताना, कावळा आला तर तो धड आहे ना, हेही निरखत होती. यात विनोद असला तरी निरीक्षण खोटे नव्हते, कारण शहरात रोग आल्याची पहिली खूण पुष्कळदा कावळेच देतात.

कबुतरांपुरते बोलायचे तर प्रयोगशाळांतील अभ्यासांत ती कोंबड्या किंवा टर्की यांच्या मानाने या विषाणूला बरीच कमी बळी पडतात असे दिसले आहे, आणि लागण झाली तरी त्यांच्या शरीरातून विषाणू कमी प्रमाणात बाहेर पडतो. पण कमी म्हणजे शून्य नाही. शिवाय पक्षी स्वतः आजारी न पडताही पायाला लागलेला चिखल, पिसांवरची घाण, करंडीच्या तळाशी साचलेली विष्ठा किंवा मालकाच्या चपला यांच्यावाटे विषाणू एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाऊ शकतो. आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांच्या घरी कबुतरांबरोबर पाच-दहा गावठी कोंबड्याही असतात आणि विटा-खानापूर पट्ट्यातील काही वर्गणीदारांच्या शेजारीच पोल्ट्रीच्या शेडी आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे हा केवळ हौशी माणसांचा खासगी मामला उरत नाही. उद्रेक जाहीर झाला की केंद्र सरकारच्या कृती आराखड्यानुसार एक किलोमीटरच्या परिघातील कोंबड्या-बदके नष्ट करावी लागतात आणि दहा किलोमीटरपर्यंतच्या भागावर नजर ठेवली जाते. एखाद्याच्या कबुतराने आणलेल्या घाणीची किंमत शेजारच्या शेडवाल्याने का मोजावी?

कबुतर सुटले की ते आपापल्या वाटेने उडते. त्याआधीचे बारा-तेरा तास मात्र तीस-चाळीस घरांची कबुतरे एकाच गाडीत, एकमेकांच्या श्वासाच्या टप्प्यात, इतर घरांच्या पक्ष्यांबरोबर एका पन्हळीतले, म्हणजे लांबट भांड्यातले, पाणी पीत बसलेली असतात. म्हणून निकालाची अचूकता, ॲपची गती, बक्षिसाच्या ढाली वगैरे गोष्टी मी एका ओळीत उरकतो (तिन्ही ठीक आहेत; ढाल यंदा जरा जास्तच चकचकीत आहे) आणि या बारा तासांकडे वळतो.

पक्षी जमा करण्याची पद्धत खरोखर सुधारली आहे. पूर्वी सगळे एकाच वेळी यायचे, करंड्या जमिनीवर एकमेकींना लागून मांडायचे आणि एकमेकांचे पक्षी हातात घेऊन डोळे, पंख, छाती पाहत तासभर गप्पा मारायचे. खरे तर या खेळातली अर्धी मजा त्यातच होती. आता प्रत्येकाला पंधरा मिनिटांची वेळ ठरवून दिली जाते, पक्षी फक्त कडे चढवणारा एक माणूस हाताळतो आणि दोन वर्गणीदारांच्या मध्ये तो साबणाने हात धुतो. पाचपैकी चार शनिवारी मी हे प्रत्यक्ष पाहिले. पाचव्या शनिवारी गर्दी वाढली तेव्हा हात धुणे मागे पडले, पण मी आठवण करताच तो मुलगा न रागावता उठला. दुसऱ्याचा पक्षी हातात घेण्यावरही बंदी आहे. जुन्या मंडळींना ती जाचते, मलाही थोडी जाचली.

दाराशी घेतले जाणारे प्रतिज्ञापत्र मला या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. गेल्या चौदा दिवसांत ढाबळीत एखादा पक्षी अकस्मात मेला का, कोणाची मान वाकडी झाली का, हिरवट पातळ विष्ठा दिसली का, घरात कोंबड्या-बदके आहेत का आणि त्यांच्यात मरतूक झाली का, याच काळात बाजारातून नवीन पक्षी आणला का, असे साधे प्रश्न त्यात आहेत. चौदा दिवसांचा आकडा मनाचा नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत या रोगाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ चौदा दिवस धरला आहे. नवीन पक्ष्याचा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो, पण आठवडा बाजारातून आणलेले एखादे देखणे पाखरू थेट ढाबळीत सोडण्याची आपली सवय हीच माझ्या मते सगळ्यांत वाईट सवय आहे. मीही ती वर्षानुवर्षे पाळली आणि त्यापायी २०१४ मध्ये मानमोडीने, म्हणजे मान वाकडी करणाऱ्या राणीखेत रोगाने, अकरा पक्षी गमावले.

मानमोडीचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक गोष्ट. नियमावलीत शर्यतीपूर्वी किमान दोन आठवडे आधी राणीखेत, म्हणजे मानमोडीची लस दिल्याची नोंद मागितली आहे, आणि ती न दाखवणाऱ्या दोघांना माझ्यासमोर परत पाठवण्यात आले. हे उत्तम झाले. मात्र छापील कागदावर ही अट ‘बर्ड फ्लू प्रतिबंधक लसीकरण’ या मथळ्याखाली आली आहे, आणि ती चूक तातडीने दुरुस्त व्हायला हवी. मानमोडीची लस बर्ड फ्लूला रोखत नाही. हे दोन वेगळे विषाणू आहेत. लसीची खरी उपयुक्तता अशी की लस दिलेल्या ढाबळीत मान वळणे, तोल जाणे, एकाएकी मरणे अशी लक्षणे दिसली तर ती नेहमीचीच मानमोडी आहे म्हणून दुर्लक्ष करण्याची सबब उरत नाही. लक्षणांवरून हे दोन रोग डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. त्यासाठी नमुना पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे आणि तेथून खात्रीसाठी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जावा लागतो. मथळा वाचून एखादा नवखा कबुतरप्रेमी “आमच्या पक्ष्यांना बर्ड फ्लूची लस टोचली आहे” असे समजून निर्धास्त झाला, तर त्या कागदाने उपकारापेक्षा अपकारच जास्त केला असे म्हणावे लागेल.

आता करंड्या. या सेवेकडे दोन प्रकारच्या करंड्या आहेत : नव्या प्लास्टिकच्या, उघडझाप करता येणाऱ्या, आणि जुन्या बांबूच्या. प्लास्टिकच्या करंड्या धुऊन स्वच्छ होतात. बांबूच्या करंडीच्या विणीत विष्ठा आणि पिसांची भुकटी घट्ट बसते. ती घासून काढणे जवळजवळ अशक्य असते. दोन्ही प्रकारच्या करंड्यांवर परतीनंतर सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा फवारा मारला जातो, आणि नियमावलीत त्याचा ठळक उल्लेख आहे. पण मी दोन वेळा सोमवारी मुद्दाम गोदामात गेलो तेव्हा फवारा थेट वाळलेल्या विष्ठेवरच मारला जात होता. हायपोक्लोराइट घाणीशी झगडण्यातच संपून जाते. आधी साबणाच्या पाण्याने घासून, धुऊन, मग फवारा मारून काही वेळ ओले राहू दिले तरच त्याचा उपयोग होतो. अशा फवाऱ्याने करंडी स्वच्छ दिसते आणि वासही दवाखान्यासारखा येतो. हेच मला घातक वाटते, कारण त्या वासाने सगळ्यांचेच समाधान होते.

दाराशी पाय बुडवण्यासाठी ठेवलेल्या घमेल्याची कथाही तीच. त्यात पोटॅशियम परमँगनेटचे पाणी असते. पहिल्या शनिवारी ते जांभळे होते. तिसऱ्या शनिवारी सातच्या सुमारास मी पोहोचलो तेव्हा ते चहाच्या रंगाचे झाले होते, म्हणजे औषध संपून नुसता गाळ उरला होता, आणि लोक श्रद्धेने त्यात चपला बुडवून आत जात होते. मी तिथल्या मुलाला विचारले तर तो म्हणाला, “काका, बदलायचंच होतं बघा, पण दुपारपासनं नळालाच पाणी न्हाई.” त्याचे उत्तर प्रामाणिक होते. पुढच्या शनिवारी पाण्याचा पिंप भरून ठेवलेला दिसला, हे नमूद करायलाच हवे.

पाण्याची पन्हळ हा माझ्या तक्रारीचा मुख्य विषय आहे. कोंबडी चोचीत थेंब घेऊन मान वर करते. कबुतर मात्र चोच पाण्यात बुडवून ते ओढून घेते. एकाच पन्हळीवर वीस कबुतरे ओळीने चोची बुडवतात तेव्हा प्रत्येकाच्या घशातील लाळ त्या पाण्यात उतरते. बर्ड फ्लू बाजूला ठेवला तरी घशात पांढरट थर धरणारा कँकर हा रोग याच वाटेने पसरतो, आणि दर हंगामाच्या अखेरीस ढाबळीढाबळीतून त्याची औषधे का शोधली जातात याचे उत्तर इथेच आहे. नियमावलीत ‘प्रत्येक करंडीस स्वतंत्र पाणी’ असे लिहिले आहे. प्रत्यक्षात गाडीतील पन्हळी स्वतंत्र असल्या तरी एका करंडीत चार-पाच घरांचे पक्षी एकत्र असतात, त्यामुळे स्वतंत्रतेचा अर्थ फार मर्यादित उरतो. मी एकदा दोनशे रुपये जास्त देऊन माझ्या पक्ष्यांसाठी अख्खी करंडी मागितली. ती मिळाली, आणि त्या फेरीतून परतलेल्या माझ्या पक्ष्यांपैकी एकाच्याही घशात पुढे पांढरट थर दिसला नाही. एका अनुभवावरून सिद्धांत काढू नये हे मला कळते. तरीही ‘एक घर, एक करंडी’ हा पर्याय त्यांनी दरपत्रकात उघडपणे द्यायला हवा. तो आज केवळ विचारणाऱ्यालाच मिळतो.

याउलट एका गोष्टीसाठी मी त्यांची मनापासून प्रशंसा करतो. कोणत्या घराचे पक्षी कोणत्या क्रमांकाच्या करंडीत, कोणाबरोबर बसले, याची नोंद ते ॲपमध्ये ठेवतात आणि प्रत्येक वर्गणीदाराला ती पाहता येते. उद्या एखाद्या ढाबळीत मरतूक झाली तर कोणाकोणाला सावध करायचे हे त्यामुळे दहा मिनिटांत कळेल. कबुतर-शर्यतीची जुनी परंपरा असलेल्या ब्रिटनमध्ये शर्यत किंवा प्रदर्शन भरवणाऱ्यावरच पक्ष्यांना मानमोडीच्या कबुतरातील प्रकाराविरुद्ध लस दिली असल्याची खात्री करण्याची आणि नोंदी ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर १ ऑक्टोबर २०२४ पासून, कायम घरातच ठेवलेल्या पोपट-फिंच यांसारख्या पक्ष्यांचा अपवाद सोडता, एकच पक्षी पाळणाऱ्यालाही सरकारदरबारी नोंद करावी लागते. तिकडे बर्ड फ्लूच्या काळात कोंबड्या-बदकांच्या मेळाव्यांवर बंदी असतानाही कबुतरांच्या मेळाव्यांना अटींसह वेगळी वागणूक मिळत आली आहे, आणि ती सवलत टिकते ती नोंदींच्या शिस्तीवर. आपल्याकडे असा स्वतंत्र नियम कबुतरांच्या खेळासाठी नाही. २००९ चा प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा मात्र आहे. त्यानुसार अशा रोगाचा संशय आल्यास कळवणे हे पक्षी बाळगणाऱ्याचे कर्तव्य ठरते, आणि बाधित क्षेत्रातील बाजार, जत्रा, प्रदर्शने व प्राण्यांची ने-आण यांवर सरकार बंधने घालू शकते. कळवण्यासाठी पशुसंवर्धनाचा १९६२ हा क्रमांक नियमावलीच्या तळाशी मोठ्या अक्षरांत दिला आहे, तेही योग्यच केले आहे.

शर्यतीच्या मार्गांविषयी. त्यांची नेहमीची दिशा पूर्वेची आहे : सरावाला कवठेमहांकाळ, मग जत, मग विजापूर (आता विजयपुरा), आणि शेवटी कलबुर्गी, जे आमच्यापासून हवाई अंतराने सुमारे २४५ किलोमीटर पडते. यातील शेवटच्या दोन ठिकाणी राज्याची हद्द ओलांडावी लागते. रोगाची बातमी आली की शेजारची राज्ये पक्ष्यांची वाहतूक अडवतात, हे २०२१ मध्ये सर्वांनी पाहिले आहे. म्हणून त्यांनी यंदा विजापूरची शर्यत पंढरपुराहून घेतली. दोन्ही ठिकाणांचे हवाई अंतर जवळजवळ सारखेच, सुमारे १२० किलोमीटर, त्यामुळे खेळाचे काही बिघडले नाही. माझा तांबडा नर एक तास पन्नास मिनिटांत घरी आला, म्हणजे मिनिटाला अकराशे मीटरच्या आसपास. त्या दिवशीच्या समोरच्या वाऱ्यात मी त्यावर खूश आहे.

पण या बदलात एक विचार राहून गेला. हिवाळा हा आपल्या शर्यतींचा हंगाम आणि तोच स्थलांतरित पाणपक्ष्यांचा हंगाम. उजनीच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब हे पाणपक्षी येतात, खटाव तालुक्यातील मायणीच्या तलावावर बदके उतरतात, आणि आटपाडीकडच्या लहानमोठ्या तलावांवरही हिवाळी पाखरांची वर्दळ असते. रानबदकांच्या पोटात हा विषाणू कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो आणि त्यांच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो. थंड पाण्यात तो बराच काळ टिकतो. पूर्वेच्या कोरड्या मार्गावरून तलावांच्या मार्गावर येताना, तहानलेले कबुतर कुठे उतरेल याचा विचार करून पक्ष्यांना सोडण्यापूर्वी भरपूर पाणी पाजणे आणि उन्हाच्या आत सोडणे, या दोन गोष्टी आवश्यक होत्या. त्या दिवशी गाडी उशिरा पोहोचली आणि पक्षी नऊ वाजून गेल्यावर सुटले. नियमावलीत घोषित क्षेत्रापासून दहा किलोमीटरच्या आतील ढाबळीचे पक्षी घेणार नाही असे आहे. सोडण्याचे ठिकाण किंवा वाटेतील गावे त्या क्षेत्रात पडली तर काय, यावर मात्र ती काहीच बोलत नाही.

त्या शर्यतीतील माझी निळी पट्टेवाली मादी चौथ्या दिवशी संध्याकाळी आली. पायांच्या बोटांत वाळलेला चिखल होता, आणि पोटाखालच्या पिसांना भाताच्या तुसाचे तुकडे चिकटले होते. तूस आमच्या गच्चीवर नाही. ते पोल्ट्रीच्या शेडमध्ये अंथरतात. म्हणजे बाई कुठल्यातरी शेडच्या दारात दाणे टिपून, पाहुणचार घेऊन आल्या होत्या. पूर्वी मी तिला आनंदाने सरळ ढाबळीत सोडले असते. या वेळी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, २०१९ च्या महापुरात पक्षी वर हलवण्यासाठी केलेल्या जुन्या पिंजऱ्यात, तिला वेगळे ठेवले. तिचे पाणी, धान्याची वाटी, झाडू, सगळे स्वतंत्र केले, आणि तिची सेवा इतर सर्व पक्ष्यांची झाल्यावर शेवटी करायची असा नेम ठेवला. नियमावलीत या बाबतीत ‘उशिरा आलेले पक्षी वेगळे ठेवावेत’ एवढे एकच वाक्य आहे. उशीर म्हणजे किती, वेगळे म्हणजे किती दिवस, आणि असा पक्षी पुढच्या शनिवारी कोणी करंडीत आणला तर तो नाकारायचा की नाही, याचा उलगडा नाही. परिणाम असा की त्याच शर्यतीतील दोन चुकार, म्हणजे वाट चुकून उशिरा परतलेले, पक्षी आठच दिवसांत पुन्हा गाडीत बसलेले मी पाहिले.

जानेवारीतील एक शर्यत त्यांनी आदल्या दिवशी पुढे ढकलली. एका गावात कोंबड्या मेल्याचा संदेश मोबाइलवर फिरत होता. आठवड्याभराने ती मानमोडी असल्याचे कळले. अनेकांनी “उगाच घाबरले” म्हणून नाके मुरडली. मला हा निर्णय पूर्णपणे योग्य वाटला, कारण खात्रीचा अहवाल येईपर्यंत थांबण्याची किंमत एक रविवार होती. तक्रार आहे ती पैशांची. रद्द झालेल्या फेरीचे शुल्क परत न देता पुढील फेरीत वळते करू, असे सांगण्यात आले, आणि ज्यांना नवीन तारखेला येणे जमले नाही त्यांचे पैसे तसेच राहिले. माझे ३६० रुपये होते. रक्कम क्षुल्लक आहे. पण शर्यत रद्द होताना पैसे बुडतात हे एकदा लोकांच्या मनात बसले की पुढच्या वेळी आपल्या ढाबळीत मेलेला पक्षी प्रतिज्ञापत्रात लिहिताना हात अडखळणार. पैसे परत करण्याचा नियम हाही रोगप्रतिबंधाचाच नियम आहे, हे मी त्यांना पटवण्याचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतले, एवढेच.

हंगामाच्या शेवटी त्यांनी उघड्या मैदानावर ‘पक्षी मेळावा’ भरवला, आणि इथे मात्र मी त्यांना सरळ नापास करतो. चार महिने ज्यांनी करंड्यांचे क्रमांक लिहून ठेवले, त्यांनीच त्या दिवशी पंख्यासारखी शेपटी फुलवणारी लक्का कबुतरे, असील कोंबडे, बदके, लव्हबर्ड्स आणि विक्रीला आणलेली आठवडा बाजारातील पाखरे एकाच मांडवात शेजारी शेजारी मांडली. बदकांचे टब असील कोंबड्यांच्या पिंजऱ्यांना लागून होते. टबातील पाणी ओसंडून पिंजऱ्यांखाली वाहत होते आणि मुले त्याच चिखलातून पळत होती. दारावर ना प्रतिज्ञापत्र होते, ना पाय बुडवायचे घमेले. कोणी कोणाचा पक्षी विकत घेतला याची नोंदही नव्हती. मी विचारले तर एकाने सांगितले की शर्यत वेगळी आणि मेळावा वेगळा, मेळाव्याला शुल्क नाही म्हणून नियमही नाहीत. मी माझे पक्षी गाडीतून उतरवलेच नाहीत. कबुतरांपुरता मेळावा, विक्री बंद, कोंबड्या-बदकांना मज्जाव आणि आदल्या आठवड्यात तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना लेखी सूचना, एवढे केले असते तरी मी दिवसभर बसलो असतो. लक्क्यांची एक जोडी खरोखर पाहण्यासारखी होती.

नव्याने नोंदणी करू पाहणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना. सात वाजण्यापूर्वीची वेळ मागून घ्या, तेव्हा घमेल्यातील पाणी जांभळे असते. प्लास्टिकची करंडी मागा आणि शक्य असेल तर अख्खी घ्या. परतलेल्या पक्ष्याला आत घेण्यापूर्वी त्याचे पाय कोमट साबणपाण्याने धुऊन कोरडे करा, आणि ढाबळ साफ करताना नाकातोंडाला मास्क लावा. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत झालेल्या वादामुळे कबुतरांच्या विष्ठेची भुकटी फुप्फुसांना काय करते हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे, आणि आमच्या घरात तो विषय निघाला की सौभाग्यवतींच्या नजरेला नजर देणे मला जड जाते.

पुढच्या हंगामाची नोंदणी मी केली आहे, चौदाऐवजी सहा पक्ष्यांची, आणि नोंदणीच्या अर्जासोबत नियमावलीतील चार दुरुस्त्या लिहून दिल्या आहेत : लसीचा मथळा, चुकार पक्ष्यांना चौदा दिवस, फवाऱ्याआधी धुलाई आणि रद्द फेरीचे पैसे. पहिली त्यांनी तिथल्या तिथे पेनाने खोडून दुरुस्त केली. निळी मादी चौदा दिवस सरल्यावर ढाबळीत परतली आणि आल्याआल्या तिने आपला जुना खण दुसऱ्या मादीकडून भांडून परत घेतला.